ड्राइव्हला रेंज लागते, फोनमधल्या फाइलला नाही

व्हॉट्सॲपचे मेसेज नव्या फोनात न्यायचे, तर 'गूगल ड्राइव्हवर बॅकअप चालू केला की विषय संपला' असं म्हणतात. पुण्या-मुंबईत संपत असेल. आमच्या हर्णैच्या घरात वायफाय नाही आणि बाबांच्या फोनात बॅकअप 'फक्त वायफायवर' ठेवलेला. शिमग्याला पाहिलं, तर शेवटचा बॅकअप गणपतीतला! मुंबईहून आलेल्या भावाने हॉटस्पॉट लावला होता, तेव्हाचा. (शिवाय अँड्रॉइडवर तो आता गूगलच्या मोफत १५ जीबी जागेतच मोजतात.)

फारसं कुणी सांगत नाही ते असं की अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक प्रत ठेवतं, नेटशिवाय. फाइल मॅनेजरमध्ये 'अँड्रॉइड – मीडिया – कॉम.व्हॉट्सॲप – व्हॉट्सॲप' असं आत गेलं की 'डेटाबेसेस' फोल्डर दिसतो, मेसेजची प्रत त्यात. फोटो शेजारच्या 'मीडिया'त. बाबांच्या फोनची चार्जिंगची पिन खाऱ्या हवेने गंजून हिरवी पडलेली, बॅटरी अकरा टक्के. केबल लागेना, म्हणून आधी 'डेटाबेसेस' नव्या फोनवर वायरलेस पाठवला. 'मीडिया' अर्ध्यावर असताना फोन मेला. नव्या फोनात फोल्डर त्याच जागी ठेवून मग नंबर टाकला, मेसेज सगळे आले. नंबर मात्र तोच हवा. ओटीपीसाठी गच्चीवर जावं लागलं, ते वेगळं.