तिरक्या रेषेला लंब: पोरं ऐकेनात, मदत हवी आहे

पाटीपेन्सिल: सोमवारी घटक चाचणी आहे आणि वर्गाची गाडी लंबावर अडली आहे. रेषा आडवी असली की सगळे झकास लंब काढतात. तीच रेषा तिरकी दिली की यांचा लंब सरळ वर, वहीच्या कडेला समांतर! काटकोन झाला की नाही हे बघायचं नावच नाही. फळ्यावर दाखवलं की माना डोलावतात, वहीत पुन्हा तेच. झटपट काहीतरी सांगा. प्रोजेक्टर नाही, तेव्हा जिओजेब्रासारखं संगणकावरचं भूमितीचं सॉफ्टवेअर सुचवू नका.

घाटमाथा: इयत्ता? लंब गुण्याने काढून घेताय की कंपासने? बिंदू रेषेवरचा की बाहेरचा?

पाटीपेन्सिल: सहावी. गुण्याने. बिंदू कुठलाही असू दे, घोळ तोच.

बांधकामवाले_काका: ओळंबा न्या वर्गात. दोरा आणि खाली वजन, काम फत्ते. आमचे गवंडी पाया आखताना दोरीने ३-४-५ करतात. एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४, आणि तिरका ५ भरला की कोपरा गुण्यात. पुस्तकं वाचून हे येत नाही.

घाटमाथा: काका, ३-४-५ ठीक आहे, पण ओळंबा नको. तो कायम जमिनीकडेच लोंबणार. उतरत्या पत्र्यावर धरला तर पत्र्याशी काटकोन होतो का? पोरांच्या डोक्यातली चूक नेमकी हीच आहे, तुम्ही तिला वजन बांधून देताय.

बांधकामवाले_काका: तीस वर्षं भिंती उभ्या केल्यात, एक कलली नाही.

घाटमाथा: भिंती उभ्याच असतात हो!

एक्स_वाय_अक्ष: दोन्ही रेषांच्या चढांचा (वर किती भागिले उजवीकडे किती) गुणाकार -१ आला की लंब. एक रेषा Y-अक्षाला समांतर असेल तर मात्र हे चालत नाही. एका ओळीत विषय संपला.

पाटीपेन्सिल: सहावी म्हटलं मी.

माहेरवाशीण: ताई, माझ्या मुलाच्या कंपासपेटीतल्या गुण्याचं टोक घासून गोल झालंय. हल्ली प्लास्टिक फार हलकं येतं. कुठल्या कंपनीची पेटी चांगली?

जुनाखडू: गुण्या रेषेवर कसा ठेवतात ते जवळ जाऊन बघा. बरीच पोरं लांब बाजू, म्हणजे कर्ण, रेषेला लावतात. काटकोनाची एक बाजू रेषेला चिकटवायची, रेषेखाली पट्टी धरायची आणि गुण्या बिंदूपर्यंत सरकवत न्यायचा. नाहीतर कागदाची घडी घाला. आधी कशीही वाकडी घडी, मग तिचीच कड तिच्यावर तंतोतंत बसेल अशी दुसरी. उलगडलं की चार काटकोन. मग कागद हवा तसा फिरवा, काटकोन हलत नाहीत.

घाटमाथा: घडी उत्तम. आणि वही फिरवू द्या, परीक्षेत कोणी हात धरत नाही.

जुनाखडू: वही फिरवायची सवय म्हणजे कुबडी. नववीत एकाच आकृतीत तीन लंब आले की किती फिरवणार? बाई, वही कुठली आहे?

पाटीपेन्सिल: गणिताची नेहमीची, चौकटीची.

जुनाखडू: मग मेख तिथंच आहे! पोरं रेषेकडे बघतच नाहीत, चौकटीची उभी ओळ धरून वर जातात. कोऱ्या कागदावर घ्या.

एक्स_वाय_अक्ष: उलट चौकटीच वापरा. रेषा ३ घरं उजवीकडे आणि १ वर जात असेल, तर लंब १ डावीकडे आणि ३ वर. गुण्या ठेवून तपासायला सांगा. मघाशी हेच म्हणत होतो.

घाटमाथा: मघाशी -१ म्हणत होतात.

पाटीपेन्सिल: उद्या आधी कोऱ्या कागदावर घडी, मग चौकटीवरचं ३-१. पण बिंदू बाहेरचा असला आणि लंबपाद, म्हणजे लंब रेषेला मिळतो तो बिंदू, रेषाखंडाच्या पलीकडे पडला तर? दोघंतिघं तिथंही रडकुंडीला आलेत.

जुनाखडू: रेषाखंड पट्टीने तुटक वाढवून घ्यायचा आधी. हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतंत!

माहेरवाशीण: कंपासपेटीचं कोणी सांगितलंच नाही.