850 ले मान्सचं सिलिंडर बोअर करू का?

उद्यमबाग_लेथ
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत माझं मशीनशॉप हाय, चोवीस वर्षं झाली. बुलेट, येझदी, ट्रॅक्टर, सगळ्यांची बोअरिंगं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठं करायचं काम, केलीत. गेल्या आठवड्यात गोव्यातल्या साखळी गावचं एक गिऱ्हाईक मोटो गुझी 850 ले मान्स ही इटालियन मोटरसायकल घेऊन आलं. चोर्ला घाट चढताना उजव्या सायलेन्सरमधनं निळा धूर. गाडीचं इंजिन पूर्वी जर्मनीतल्या एका गुझीवाल्या वर्कशॉपनं वाढवलेलं, एवढंच त्याला माहीत.

उजवं हेड काढलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 83 मिलीमीटर पाहिजे, गेज दाखवतोय 88! तीनदा मोजलं. वरच्या अंगाला, रिंग परत फिरते तिथं, आतला चकचकीत थर करंगळीच्या नखाएवढा सोललाय. बोट फिरवलं की अडकतं. गिऱ्हाईक म्हणतंय अर्धा मिलीमीटर बोअर करा, मोठा पिस्टन घालू. मशीनवर होईल, खरं माझं मन धजत नाही.

रंकाळा_गॅरेज
दादा, टूल लावूच नका. त्यात लायनर (आत बसवलेली वेगळी नळी) नाही, ॲल्युमिनियमवर थेट हार्ड क्रोम आहे. तो कापला की खाली मऊ ॲल्युमिनियम, रिंगा त्याला दोन दिवसांत खातील. 88 म्हणाल तर गुझीच्याच 1000 चं माप 88 × 78, बोअर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल). स्ट्रोक तोच, म्हणून 844 ची 949 सीसी झाली. बहुतेक 1000 चेच बॅरल (सिलिंडर) बसवलेत.

घाटवाट
बेळगावात फाउंड्री हाताशी आहे, बिडाचा लायनर ओतून घाला की. स्वस्तात होईल.

जुनी_इटालियन
सुटलेलं क्रोम कुठं गेलं ते आधी बघा. ऑइल फिल्टर संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, आतच आहे, संप उतरवावाच लागेल. क्रँकचे बेअरिंग शेल तपासा. बॅरल पिस्टनसकट निकासिलचे (आतून निकेलचा कडक थर दिलेले) घ्या. गिलार्दोनी कंपनी बनवते, गुझीच्याच मंदेल्लो देल लारिओ गावात. पूर्ण इंजिन काढायचं झालं तर तोंती या डिझायनरच्या या फ्रेमचे खालचे पाइप बोल्टचे आहेत, ते सोडा आणि फ्रेम वर उचला.

उद्यमबाग_लेथ
लायनर मी घालू शकतो, घाटवाटभाऊ. खरं एअरकूल्ड इंजिन हाय. मधे बिडाची भिंत आली की उष्णता फिन्सपर्यंत (सिलिंडरच्या बाहेरच्या, वाऱ्यानं गार होणाऱ्या पात्यांपर्यंत) पोचायला अडणार, आणि ही गाडी घाटातच पळते. ज्यानं हे वाढवलं त्यानं हिशोबानं केलंय, ते मी मोडणार नाही.

काल संप उतरवला. फिल्टर कापून कागद उलगडला, घड्यांत माशाच्या खवल्यासारखे कण. गिऱ्हाइकाला बोलावून तळहातावर ठेवून दाखवले, लगेच पटलं. दोन्ही बाजूंचे बॅरल मागवतोय. डावं अजून उघडलं नाही. उद्या उघडून माप इथं टाकतो.