ग्रोमॅक्सचा रन परत शून्यापासून सुरू झाला, आधीचे ६१ नॅनोसेकंद गेले का?

नवशिका_एमडी
क्लस्टरवर (सगळ्यांच्या सामायिक मोठ्या कॉम्प्युटरवर) ग्रोमॅक्सने, म्हणजे रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरने, १०० नॅनोसेकंदांचा रन लावला होता. जॉबला २४ तासांची मर्यादा आहे म्हणून ६१ च्या आसपास कापला गेला, ते ठीकच होतं. मला वाटलं तीच स्क्रिप्ट परत टाकली की हा आपोआप पुढे जाईल. दहाएक मिनिटांनी लॉग उघडला तर पठ्ठ्या स्टेप शून्यापासून मोजतोय, धस्स झालं, लगेच जॉब कॅन्सल केला. आता फोल्डरमध्ये '#एमडी.एक्सटीसी.१#' अशा दोन्हीकडून हॅश लागलेल्या फाईली आहेत, त्यांचं नाव बदलायला गेलो तर टर्मिनल म्हणतं फाईलच दिली नाहीस. स्क्रिप्टमध्ये फक्त 'जीएमएक्स एमडीरन -डेफएनएम एमडी' एवढंच आहे. डेटा आहे की गेला?

रात्रपाळी
आहे आहे, पण आधी जॉब परत टाकू नकोस. ग्रोमॅक्स जुन्या फाईलींवर लिहित नाही, त्यांना हॅश लावून बाजूला ठेवतो, म्हणजे तुझी एक्सटीसी (अणूंच्या जागा), ईडीआर (ऊर्जा), लॉग सगळं जागेवर आहे. खरी काळजी चेकपॉइंटची, म्हणजे जिच्यावरून रन पुढे नेता येतो त्या सीपीटी फाईलची. तिला हॅशची सोय नाही. नवीन चेकपॉइंट लिहिला की आधीचा 'एमडी_प्रीव्ह.सीपीटी' होतो आणि त्याच्या आधीचा गेलाच. डिफॉल्टला हे दर १५ मिनिटांनी होतं, शिवाय जॉब नीट थांबवला तर जाता जाता एकदा. तू दहा मिनिटांत थांबवलास म्हणजे एकदाच लिहिलं असणार, ६१ वाला प्रीव्हमध्ये असायला हवा. 'जीएमएक्स चेक -एफ एमडी_प्रीव्ह.सीपीटी' चालवून किती वेळ दाखवतो सांग.

आणि नाव बदलत नाही कारण शेलला हॅशपासून पुढचं सगळं कॉमेंट वाटतं 😄 नाव सिंगल कोट्समध्ये दे.

पाण्याचा_डबा
एवढा खटाटोप कशाला, २४ तासांचा तर रन, परत पहिल्यापासून लाव की

रात्रपाळी
रांगेत दोन दोन दिवस थांबावं लागतं तेव्हा असं म्हणवत नाही रे

हॅश_नको
मी हाच घोळ घातला होता आणि रात्रभर चालू ठेवला, सकाळी बघतो तर दोन्ही सीपीटी नवीन रनच्या. टीआरआर फाईलमध्ये अणूंचे वेग लिहायचं मीच एमडीपीत (सेटिंगच्या फाईलमध्ये) बंद ठेवलेलं आणि एक्सटीसीत नुसत्या जागा असतात, वेग नसतात. शेवटी 'ट्रजकॉन्व्ह -डंप' ने शेवटची फ्रेम काढली, नवीन वेग दिले, परत थोडं इक्विलिब्रेशन करून (सिस्टिम स्थिरावू देऊन) पुढचा रन लावला. चालतं, पण तो एक सलग रन राहत नाही, गाईडला दोन तुकडे का आहेत ते सांगताना घाम फुटला.

नवशिका_एमडी
प्रीव्हमध्ये ६१ च्या जवळचा आकडा दाखवतोय, साध्या सीपीटीत ०.४!! आता पुढे काय

रात्रपाळी
सुटलास. आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढ, मग पुढचं. आजच्या दहा मिनिटांच्या एक्सटीसी, ईडीआर, लॉग, सीपीटी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलव, टीपीआर (रनची इनपुट फाईल) मात्र तिथेच राहू दे. हॅशवाल्या फाईलींना त्यांची मूळ नावं दे, हुबेहूब तीच, कारण चेकपॉइंटमध्ये नावं लिहिलेली असतात, एखादी नाही सापडली तर जोडून लिहायला नकार देतो. प्रीव्हची कॉपी करून 'एमडी.सीपीटी' नाव दे. मग ओळ अशी कर: 'जीएमएक्स एमडीरन -डेफएनएम एमडी -सीपीआय एमडी.सीपीटी -मॅक्सएच २३.५'. एक्सटीसीत चेकपॉइंटच्या पुढच्या एखाद-दोन फ्रेम असल्या तर त्या तो स्वतःच कापतो, घाबरू नकोस.

-सीपीआय म्हणजे कुठल्या चेकपॉइंटपासून पुढे जायचं ते, तो पहिल्या सबमिशनपासूनच ठेवत जा, फाईल नसेल तर तो गुपचूप पहिल्यापासून सुरू करतो, अडत नाही. पण म्हणूनच नाव चुकीचं लिहिलंस तरी तो गुपचूपच शून्यावर जाईल, तेवढं बघ. -मॅक्सएच दिला की वेळ संपायच्या थोडं आधी स्वतःहून चेकपॉइंट लिहून थांबतो.

नवशिका_एमडी
लॉगमध्ये ६१ च्या पुढून मोजतोय 🙏 पहिल्यांदा ईडीआरचं नाव बदलायचं विसरलो तर खरंच नकार दिला. आजच्या त्या ०.४ वाल्या फाईली उडवल्या तर चालतील ना?

रात्रपाळी
रन १०० ला पोचू दे, मग उडव.