मदत हवी आहे: घरच्या स्विमिंग पूलचं पाणी तापवायला हीट पंप की सोलर?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात कास रोडला घर आहे. मागे 8 बाय 4 मीटरचा पूल, म्हणजे साधारण 45 हजार लिटर पाणी. वडिलांना गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम सांगितलाय, पण दिवाळीनंतर पहिल्या पायरीवर पाय टेकला की ते "उद्या बघू" म्हणत माघारी फिरतात.

एवढं पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 52 युनिट लागतात, त्यामुळे साध्या हीटरचा विषयच संपला. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो, म्हणून त्याच कामाला 12-13 युनिट पुरावीत. पण पहाटेच्या गारठ्यात तो कितपत दम धरतो? सोलरवाला म्हणतो, ऊन फुकट आहे. ऊन फुकट हो, पण गच्ची? पूलच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून जास्त जागा तिथे पॅनेलच खाणार, मग आई पापड कुठे वाळवणार?

रात्री वारा फार, बाष्पीभवनातच सगळ्यात जास्त उष्णता जाते. त्यामुळे पाण्यावर अंथरायचं बबल कव्हर घेणारच आहे.

सातारा-कराड-सांगली भागात कुणी बसवलंय का? डिसेंबर-जानेवारीचं बिल किती येतं, आणि बिघाड झाला तर माणूस पुण्याहूनच बोलवावा लागतो का? पाणी बोअरचं, क्षार भरपूर, वर क्लोरीन. गंज टाळायला हीट पंपातल्या टायटॅनियमच्या कॉइलचे (पाणी तापवणाऱ्या नळीचे) जादा पैसे मोजावेत का?