मदत हवी आहे: हॅचबॅकच्या हेडलाइटला झेनॉन बल्ब बसवावेत का? बसवले तर ४३०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) की ६०००? (नाशिक)

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही घेतलीच कशाला' याच्यावर जाईल. छोटी हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल. हेडलाइट एकदम साधा: एकच एच-फोर बल्ब, त्यातच अप्पर-डिप्पर, ६०/५५ वॉट, मागे रिफ्लेक्टर, पुढे प्लॅस्टिकची काच. प्रोजेक्टर (आत भिंग असलेला दिवा) नाही.

गंगापूर रोडला दिवे लावलेत की नाही हेही कळत नाही, इतका उजेड असतो. त्रास गावाबाहेर होतो. कामामुळे निफाड-लासलगाव आणि दिंडोरी-वणी बाजूला रात्रीचं जाणं ठरलेलं. कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागे ना लाल दिवा ना रेडियमची पट्टी. डिप्परवर ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकवर उभंच राहावं लागतं. अप्परवर चालवावं तर समोरचा शिव्या घालतो, आणि त्याचं बरोबरच आहे. पावसाळ्यात कसारा घाटात तर कडेची पट्टीही दिसत नाही.

द्वारकेकडच्या एका दुकानात विचारलं. ३५ वॉटचं एचआयडी (म्हणजे झेनॉनचंच) किट, बॅलास्टसकट (बल्ब पेटवणारा विजेचा डबा), साडेतीन हजार. रंगात ४३००, ५०००, ६०००, ८०००. म्हणाला, "सहा हजार घ्या, सगळे तेच नेतात. आठ हजार अजून पॉवरफुल." हे काही पटत नाही. मित्राच्या गाडीत आठ हजारवाले आहेत. पार्किंगच्या भिंतीवर झकास निळे दिसतात, पण पावसात तो स्वतःच आमच्या मागे मागे चालवतो.

तर कुठला रंग घ्यावा? आणि एच-फोरच्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन नीट चालतात का? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगा.

जुना_वायरमन:
केल्विनचा पॉवरशी संबंध नाही भाऊ, तो फक्त रंग. तुमचा आत्ताचा हॅलोजन साधारण ३२०० केल्विन, पिवळसर. कंपनीतून झेनॉन लावून येणाऱ्या गाड्यांत ४२००-४३०० च्या आसपासचा बल्ब असतो, कारण ३५ वॉटमध्ये सगळ्यात जास्त उजेड तिथेच निघतो, ३२०० लुमेनच्या (उजेडाचं माप) घरात. एच-फोरचा डिप्पर १००० लुमेन आणि अप्पर १६५० धरा. ४३०० च्या वर जसजसं निळ्याकडे जाल तसतसा उजेड कमी होतो. ६००० ला पांढऱ्यात निळी झाक, ८००० ला सरळ निळा, १०००० नंतर जांभळट. ते लग्नाच्या वरातीला ठीक. घ्यायचाच तर ४३००, फार तर ५०००.

पण खरा अडथळा तुमचा दुसरा प्रश्न आहे. एच-फोरमध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. वर जाणारा उजेड तीच अडवते आणि रिफ्लेक्टर त्या बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. झेनॉनमध्ये फिलामेंटच नाही, दोन टोकांमध्ये वायूतून ठिणगी जळते. तिचा आकार वेगळा, जाडी वेगळी. एच-फोर किटमध्ये अप्पर-डिप्परसाठी चुंबकाने अख्खा बल्ब पुढे-मागे सरकवतात, ते खड्ड्यांत किती दिवस नीट चालणार? उजेड तिप्पट होतो पण चहूकडे सांडतो. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. तुमच्याही बोनेटपुढचे दहा मीटर लख्ख होतात, त्याने बाहुल्या आक्रसतात आणि लांबची ट्रॉली उलट कमी दिसते.

मिसळ_आणि_मायलेज:
माझ्याकडे ६००० चे आहेत, रिफ्लेक्टरमध्येच. काही प्रॉब्लेम नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

जुना_वायरमन:
प्रॉब्लेम समोरच्याला असतो दादा, तुम्हाला कसा कळणार?

पेठरोडकर:
कायद्याचं मी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नाक्यावर कोणी अडवेल न अडवेल, पण अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर फोटो काढणारच.

युरोपातल्या नियमांत २००० लुमेनच्या वर डिप्पर असेल तर आपोआप वर-खाली होणारा फोकस आणि काच धुणारा फवारा लागतो. साडेतीन हजारांच्या किटमध्ये यातलं काय मिळतं?

घाटवाट:
कसारा घाटातल्या धुक्याबद्दल. तिथे जास्त उजेड म्हणजे जास्त पांढरी भिंत. अप्पर बंद, डिप्पर आणि खाली बसवलेले फॉगलॅम्प, एवढंच कामाचं. पिवळ्याने धुकं 'कापलं' जातं असं म्हणतात, ते तसं नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे की सगळेच रंग सारखेच विखुरतात. पण निळा उजेड डोळ्यांना जास्त टोचतो, म्हणून पिवळा बरा वाटतो. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच असायचे.

जुना_वायरमन:
धागाकर्ते, पैसे घालवण्याआधी एक काम करा. इंजिन चालू, डिप्पर चालू, आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीवर, मग बल्बच्या कपलरवर (मागे लागणारा प्लग) व्होल्टेज मोजा. जुन्या गाडीत बारीक वायरी आणि स्विचमधून येता येता व्होल्ट गळतात. हॅलोजनचं गणित वाईट असतं: व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळपास ३० टक्के पडतो. गळती निघाली तर बॅटरीवरून थेट जाड वायर, फ्यूज, दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि सिरॅमिक होल्डर घाला. जुना कपलर फक्त रिलेला इशारा देतो. बल्ब तोच, ६०/५५ चा. १००/९० चा बल्ब कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका, उष्णतेने रिफ्लेक्टरचा मुलामा जातो आणि होल्डर वितळतो. निळ्या काचेचे 'एक्स्ट्रा व्हाइट' हॅलोजनही नकोत, ती निळी काच उजेडच खाते.

२०१४ ची गाडी म्हणजे पुढची काच पिवळी पडलेली असणार. पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून, पॉलिश करून वर यूव्ही लेप द्या. लेप नाही दिला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पिवळी.

धागाकर्ता:
मोजलं. बॅटरीवर १३.९, डाव्या कपलरवर १२.२, उजव्यावर १२.४. एवढी गळती असेल असं वाटलं नव्हतं. झेनॉन सध्या बाजूला. रिलेचं काम अंबडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे करून घेतो, तो मूळ वायरिंग न कापता करतो म्हणतोय. काच घरी घासतो.

फोकस भिंतीवर कसा सेट करायचा? आणि गाडी भरलेली असताना की रिकामी?

जुना_वायरमन:
डावं-उजवं दोन्ही बारा, म्हणजे स्विचपाशीच पडतंय. रिलेने नक्की फरक पडेल. अर्थिंगची जागा तेवढी घासून घ्यायला सांगा.

फोकससाठी सपाट जमीन, टायरात बरोबर हवा, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं, मागे सामान नाही. डॅशबोर्डवरचं, फोकस वर-खाली करणारं लेव्हलचं बटण ० वर. भिंतीपासून पाच मीटर. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर चॉकने आखा. उजेडाची वरची कड त्या रेषेच्या ५ सेंटीमीटर खाली हवी, आणि डावीकडे वर चढत गेलेली. उजवीकडे चढत असेल तर दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशाचा आहे, तो बदलूनच घ्या. मागे चारजण बसले की बटण १ किंवा २ वर, एवढं लक्षात ठेवा.

मिसळ_आणि_मायलेज:
ते बटण माझ्याही गाडीत आहे. मला वाटायचं डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायला असतं.