मदत हवी आहे: झायमोग्राफीत स्टेम सेल आणि कॅन्सर सेलचे बँड सारखेच काऊन येऊन राहिले?

वऱ्हाडी_पोट्टा
राजेहो लवकर सांगा, सोमवारी प्रेझेंटेशन आहे अन मी गावी येऊन बसलो उमरखेडकडे, लॅब तिकडं नागपूरला. जिलेटिन झायमोग्राफी केली, म्हणजे जिलेटिन मिसळलेल्या जेलमध्ये सॅम्पल चालवायचं, मग जेल निळं रंगवायचं, एन्झाइमनं जिलेटिन खाल्लं तिथं पांढरा पट्टा म्हणजे बँड दिसते. स्टेम सेलच्या (ज्यातून दुसऱ्या पेशी घडतात त्या मूळ पेशी) लेनमध्ये ९२ अन ७२ ला (किलोडाल्टन, प्रोटीनची साइज) बँड, कॅन्सर सेलच्या लेनमध्ये पण ९२ अन ७२ ला बँड, जाडी पण जवळपास तेवढीच. सगळे पेपर म्हणतात कॅन्सर सेल एमएमपी (पेशींबाहेरची जाळी तोडणारं एन्झाइम) जास्त सोडते, त्यानंच टिश्यू कुरतडून आत घुसते, मग माझ्या जेलमध्ये फरक कुठं गेला? आणि गाईड म्हणतात एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) हमखास विचारणार की स्टेम सेल पण तेच एन्झाइम वापरते तर ती कॅन्सरसारखी काऊन नाही पसरत. दोन्ही पाहिजे. नेट इथं गच्चीवरच येते त्यामुळे लिंका देऊ नका, इथंच लिहा.

जेलवाला_दादा
सॅम्पल उकळलं असशील. पोरं हमखास वेस्टर्न ब्लॉटचं (प्रोटीनची दुसरी टेस्ट) लोडिंग बफर उचलतात, त्यात बीटा-मर्कॅप्टो (प्रोटीनचे बंध तोडणारं रसायन) असते, वरून पाच मिनिटं उकळतात, एन्झाइम मरून जाते. झायमोत उकळायचं नाही म्हणजे नाही. आणि रन झाल्यावर अडीच टक्के ट्रायटन एक्स-१०० मध्ये (सौम्य साबण) नीट धुवायचं, एसडीएस (जेल चालवताना असते तो कडक साबण) निघालं पाहिजे, मग कॅल्शियम अन झिंक असलेल्या बफरमध्ये ३७ ला रात्रभर.

प्रयोगशाळेतली_ताई
दादा त्याचे बँड येऊन राहिले की हो! एन्झाइम मेलं असतं तर अख्खं जेल निळं राहिलं असतं. त्याचा प्रॉब्लेम बँड न येण्याचा नाही, सगळीकडे येण्याचा आहे. पोट्ट्या, पेशी कोणत्या ते तर सांग. मीडियात (पेशी वाढवायचं द्रावण) सीरम होतं का? नुसत्या मीडियाची लेन लावली का?

जेलवाला_दादा
तरी एकदा बफर चेक कर म्हणलं.

वऱ्हाडी_पोट्टा
सीरम तर टाकणारच ना ताई, दहा टक्के एफबीएस, त्याच्याशिवाय पेशी जगतील कशा. पेशी म्हणजे दाताच्या पल्पमधल्या (आतला मऊ गर) स्टेम सेल आणि तोंडाच्या कॅन्सरची एससीसी-२५ (लॅबमध्ये वाढवतात ती पेशींची जात). नुसत्या मीडियाची लेन आहे शेवटी, तिच्यात पण बँड आहे, पण ते कंट्रोल आहे म्हणून लिहिलं नाही.

प्रयोगशाळेतली_ताई
अरे देवा, तीच तर मेन लेन आहे! एफबीएस म्हणजे गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातलं सीरम, त्यात वासराचे स्वतःचे एमएमपी-२ (७२ वालं) अन एमएमपी-९ (९२ वालं) असतात, साइज पण जवळपास तेवढीच. तुझ्या तिन्ही लेनमध्ये मुख्यतः वासरूच दिसून राहिलं. पेशी चिकटून भरल्या की पीबीएसनं (मिठाचं बफर) दोन-तीन वेळा धू, सीरम-फ्री मीडिया टाक, २४ तासांनी तो मीडिया गोळा कर, फिल्टर ट्यूबमध्ये कॉन्सन्ट्रेट कर आणि पेशींच्या संख्येवर हिशेब करून लोड कर.

जेलवाला_दादा
इथं मी सहमत नाही. सीरम काढलं की स्टेम सेल स्ट्रेसमध्ये जातात अन मग त्यांचं वागणंच बदलते, तुम्ही जे मोजता ते उपाशी पेशीचं मोजता. आम्ही एफबीएस जिलेटिन-सेफारोजवरून (जिलेटिन लावलेले बारीक मणी) पास करायचो, एमएमपी तिथंच चिकटून राहतात, मग तेच सीरम वापरायचं.

प्रयोगशाळेतली_ताई
करा ना, कोण नाही म्हणते. पण एमएससीच्या पोराला जिलेटिन-सेफारोज कोण घेऊन देणार? आमच्याकडे टिप्स मोजून मिळतात. आणि पोट्ट्या अजून एक, एससीसी-२५ च्या मीडियात हायड्रोकॉर्टिसोन टाकतात, तू टाकलंस का? ते स्टेरॉइड आहे, एमएमपीची जीन दाबते. म्हणजे एकीकडं वासराचा बँड, दुसरीकडं कॅन्सर सेलचा आवाज दाबलेला, मग फरक कसा दिसंल.

वऱ्हाडी_पोट्टा
आहे, शीटमध्येच लिहून आहे, सिनिअरनं दिलेली शीट. स्टेम सेलच्या मीडियात नाही.

काटोलचा_संत्रेवाला
मले लॅबचं काही समजत नाही पण पपईत पण प्रोटीन तोडणारं एन्झाइम असते म्हणतात, आमच्या घरी आईची किमो सुरू आहे, रोज पपई देतो, त्यानं कॅन्सर पसरते काय? घाबरलो वाचून.

प्रयोगशाळेतली_ताई
नाही भाऊ, घाबरू नका. पपेन वेगळ्या जातीचं एन्झाइम आहे, खाल्लं की बाकी प्रोटीनसारखं पोटात पचून जाते. इथं चाललंय ते पेशी स्वतः जागेवर सोडते त्याबद्दल. किमोमध्ये काय खायचं ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

दातांचा_डॉक्टर
धागा तोंडाच्या कॅन्सरचा आहे म्हणून लिहितो. आपल्याकडं ओपीडीत बावीस-पंचवीसची पोरं येतात, तोंडात दोन बोटं उभी जात नाहीत, गालाच्या आत हात लावला तर दोरीसारखे पट्टे लागतात. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाची आतली कातडी घट्ट होणं. सुपारीतलं अरेकोलिन कोलॅजन (पेशींबाहेरच्या जाळीचे धागे) वाढवते, सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला जोर देते त्यामुळं ते कोलॅजन आणखी घट्ट बांधलं जाते, आणि टिम्प (एमएमपीला अडवणारं प्रोटीन) वाढल्यामुळं ते तोडणारे एमएमपी अडकून पडतात. म्हणजे इथं एन्झाइम कमी पडून रोग होतो, आणि त्याच तोंडात पुढं कॅन्सर झाला की एमएमपी वाढलेले दिसतात. पोराला प्रेझेंटेशनमध्ये हे घालता येईल. नुसतं 'एमएमपी वाईट' असं लिहू नकोस.

खर्रा_सोडला
डॉक्टरसाहेब पण तंबाखू नसलेली गोड सुपारी चालते ना? आमचे काका म्हणतात निव्वळ सुपारीनं काही होत नाही.

दातांचा_डॉक्टर
काकांना सांगा, २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं नुसत्या सुपारीला पण कॅन्सरकारक ठरवलं, सगळ्यात वरच्या गटात.

आर्णीकर
२०१२ पासून गुटखा बंद आहे महाराष्ट्रात, अन पानठेल्यावर पन्नीत खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण) घोटणं सुरूच. आधी ते बंद करा मग एन्झाइम शोधा.

नेटसेट_अड्डा
भावा एमएससी झाल्यावर लगेच नेटचा (प्राध्यापकीची परीक्षा) फॉर्म भर, सेटच्या भरवशावर राहू नको, आमच्या बॅचला लाइफ सायन्सचे नोट्स आहेत.

वऱ्हाडी_पोट्टा
फॉर्म नंतर पाहू, आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगा कोणी. स्टेम सेल कॅन्सरसारखी काऊन नाही पसरत?

रिटायर_मास्तर
वाच नीट, एकदाच लिहितो. हे एन्झाइम मुळात कॅन्सरचं नाहीच. १९६२ मध्ये ते बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडलं, शेपटी विरघळून बेडूक होतो तेव्हा. माणसात असे तेवीस आहेत, जखम भरताना, हाड घडताना, गर्भाची वार गर्भाशयात रुजताना सगळीकडं लागतात. रक्ताच्या स्टेम सेलचं घे, २००२ मध्ये उंदरांवर दाखवलं की एमएमपी-९ अस्थिमज्जेतला किट-लिगंड (पेशीला जागवणारं प्रोटीन) मोकळा करते अन शांत बसलेल्या स्टेम सेल हलायला लागतात. पल्प असो की हाडाची मज्जा, तिथल्या मेसेन्कायमल (हाड-चरबी घडवणाऱ्या) पेशींना पण कोलॅजनमधून वाट काढायला एमएमपी-२ अन पेशीच्या पाठीवर बसलेलं एमएमपी-१४ लागते.

म्हणजे हत्यार दोघांकडं एकच, फरक लगाम कोणाच्या हातात आहे त्याचा. पहिला लगाम, हे एन्झाइम बंद रूपात बाहेर येते, त्याच्याच पुढच्या तुकड्यातलं सिस्टीन (एक अमिनो आम्ल) झिंकवर बसून त्याला झाकून ठेवते, ते कापलं गेलं किंवा बाजूला सरलं तरच सुरू. दुसरा लगाम टिम्प, चार प्रकारचे. त्यातलं टिम्प-२ गमतीचं आहे, थोडं असलं तर एमएमपी-१४ सोबत मिळून एमएमपी-२ ला चालू करते, जास्त झालं तर सगळंच बंद पाडते. तिसरं, पेशीला कोणी सिग्नल देऊन राहिलं का ते. स्टेम सेलला जखमेकडून बोलावणं येते तेव्हा ती सोडते, पोहोचली की थांबते. कॅन्सर सेलमध्ये सिग्नल कायम चालू, आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट (कोलॅजन बनवणाऱ्या पेशी) अन पांढऱ्या पेशींना पण ती कामाला लावते, कितीतरी एन्झाइम त्याच पुरवतात. बेसमेंट मेम्ब्रेन (पेशींच्या थराखालची पातळ चादर) म्हणजे शेताचा धुरा समज, पेशी कितीही वाढल्या तरी धुरा ओलांडेपर्यंत त्याला इन सिटू (जागेवरचा) म्हणतात.

आता तुझ्या जेलची गंमत. झायमोग्राफीत एसडीएसमुळं ते झाकण उघडते, म्हणून बंद एन्झाइमचा पण बँड येतो, तुझे ९२ अन ७२ तेच बंद रूप आहे. चालू रूप खाली दिसते, ८२ अन ६२ च्या आसपास. आणि टिम्प जेलमध्ये वेगळं होऊन निघून जाते. म्हणजे एक्स्टर्नल जे विचारून राहिला, लगाम, नेमकं तेच तुझ्या जेलमध्ये दिसत नाही. हे त्याला तूच आधी सांगून टाक.

जेलवाला_दादा
मास्तर, मग एमएमपी बंद करायचं औषध दिलं की कॅन्सर थांबला पाहिजे ना? मॅरिमास्टॅट आलं होतं.

रिटायर_मास्तर
आलं अन पडलं. नव्वदच्या दशकात मोठ्या ट्रायल झाल्या, आयुष्य वाढलं नाही, वरून खांदे अन हाताचे सांधे आखडले. ते सरसकट सगळेच एमएमपी दाबत होतं, अन पेशंट बहुतेक शेवटच्या स्टेजचे, धुरा कधीचा ओलांडलेला. काही एमएमपी तर उलट संरक्षण करतात, एमएमपी-८ नसलेल्या नर उंदरांत कातडीचे ट्यूमर जास्त झाले. आणि २००३ मध्ये दिसलं की एन्झाइम अडवलं तर काही कॅन्सर पेशी गोल होऊन, अमिबासारख्या सरकत, कोलॅजनच्या फटीतून निघून जातात, न तोडताच.

जेलवाला_दादा
म्हणूनच मी म्हणतो मॅट्रिजेल (बेसमेंट मेम्ब्रेनसारखा थर) इन्व्हेजन कर, म्हणजे पेशी त्यातून आरपार जातात का ते पाहायचं, ८ मायक्रॉनच्या भोकांच्या ट्रान्सवेलमध्ये (बारीक जाळीचा कप). झायमोचं जेल सोड.

प्रयोगशाळेतली_ताई
मॅट्रिजेलच्या किमतीत त्याचं अख्खं प्रोजेक्ट होते दादा.

वऱ्हाडी_पोट्टा
मॅट्रिजेल लॅबमध्ये नाही. मीडिया बदलून परत करतो पण ते सोमवारनंतरच होईल, तेव्हा काय दाखवू? नुसत्या मीडियाची लेन कापून टाकू काय फोटोतून?

प्रयोगशाळेतली_ताई
खबरदार कापशील तर! तीच लेन सगळ्यात पुढं ठेव, तिच्यावर बाण कर, बाजूला लिही की पुढचा रन सीरम-फ्री, दोन्ही पेशींना सारखाच मीडिया, शेवटच्या २४ तासांत हायड्रोकॉर्टिसोन नाही, आणि एक पट्टी कापून ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) असलेल्या बफरमध्ये इनक्युबेट करणार, बँड गेला तर ते धातूवर चालणारं एन्झाइमच. आणि रात्री लाइट जाते का तुमच्या लॅबला? इनक्युबेटर बॅकअपवर लाव, नाहीतर बँड अर्धे येतील अन दादा परत उकळल्याचं विचारतील.

जेलवाला_दादा
विचारीनच.