आजोबांची मापाची वही फाडून जंक जर्नल करायचं की नाही?

सुईदोरा_शहापूर

बेळगावच्या शहापुरातलं आमचं जुनं घर पाडायला काढलंय. भांडीकुंडी वाटून झाली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. म्हणजे दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून आली. आजोबा शिंपीकाम करायचे, कॅम्पात दुकान होतं. ट्रंकेत निघालं ते असं: आज्जीचं इरकली लुगडं, घडीवर चिरलेलं. फुग्याच्या बाह्यांची तीन पोलकी. शिंपल्याच्या बटणांचा डबा, क्रोशाची लेस, कंगोरेदार कडांचे फोटो, कसरीने खाल्लेले ‘स्त्री’ मासिकाचे पाच-सहा अंक. आणि आजोबांच्या मापाच्या दोन वह्या.

मला याचं जंक जर्नल करायचंय. माहीत नसेल त्यांच्यासाठी: जुन्या पावत्या, पाकिटं, तिकिटं, कापडाचे तुकडे एकत्र शिवून केलेली वही. पानांना खिसे, खिशांत चिठ्ठ्या, मधे लिहायला जागा. विषय ठरलाय जुनी फॅशन, नऊवारीपासून गोल पातळापर्यंत आणि पोलक्यापासून बिनबाह्यांच्या ब्लाउजपर्यंत. लुगड्याचं कव्हर, बाह्यांचे खिसे, आणि आतली पानं मापाच्या वहीची.

वहीतलं एक पान सांगते. वर बाईंचं नाव आणि गल्ली. खाली ‘पोलकं १, छाती ३४, कंबर २८, उंची १४, बाही फुगा, हुक मागे’. त्याखाली दीड इंचाचा खणाचा तुकडा टाचणीने टोचलेला. टाचणी गंजलीय, तुकड्याला तपकिरी भोक पडलंय. समासात ‘लग्नघर, घाई’ आणि शिलाई १२ आणे. अशी दोनशेवर पानं आहेत.

माझं मत विचाराल तर वापरलेलं बरं. ट्रंकेत ठेवून कसरीला खायला घालण्यात कसला आलाय मान? घरात मात्र दोन तट पडलेत. नवरा म्हणतो फाड. आई काहीच बोलत नाही, आणि आई बोलत नाही म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

मागवाला_वडगाव

वही फाडूलालीस? अगं अक्का, ती वहीच जंक जर्नल आहे की! कागद आहे, कापड आहे, हातचं लिहिणं आहे. आजोबांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी करून ठेवलंय, तू फाडून पुन्हा काय करणार?

लुगड्याचं ऐक. आमच्या घरात आधी हातमाग होते, आता पॉवरलूम खडखडतात, म्हणून सांगतो. इरकलीत अंगाचा ताणा (उभे धागे) वेगळा आणि पदराचा वेगळा. दोन्ही ताण्यांचे फासे एकमेकांत अडकवून जोडतात, कानडीत टोपे-तेणी म्हणतात त्याला. इरकलीची ओळख त्या जोडात आहे. कव्हर करणारे लोक लाल पदर हवा म्हणून नेमकी तिथेच कात्री चालवतात, आणि ‘शिवण होती, उसवली’ म्हणून सांगतात. शिवण नसते ती.

तिसरं_गेट

झालं, प्रवचन सुरू. घडीवर चिरलेलं लुगडं नेसता येत नाही, कुणाला देता येत नाही. आमच्या आज्जीने भरजरी शालू बोहारणीला देऊन स्टीलचे डबे घेतले. तेव्हा कुणी टोपे-तेणी म्हणत रडलं नाही. आणि वाकळ म्हणजे काय असतं हो? आमच्या शेजारच्या कानडी काकू तिला कौदी म्हणतात. दहा लुगड्यांचे तुकडे एकावर एक, वरून धावदोरा. आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कापतच आल्यात. इंग्रजी नाव पडलं की लगेच कापायचं पाप होतं?

ताई, फाडा. तुमच्यानंतर ती वही शनिवारी रद्दीत जाणार आहे, किलोवर.

मागवाला_वडगाव

वाकळ अंगावर घेतात. चाळीस वर्षं घेतात. हे जर्नल रील करून कपाटात जाईल. एवढा एक फरक आहे बघा.

सुईदोरा_शहापूर

रील मी करणारच आहे, लपवत नाही. पण ‘अंगावर घेतात म्हणून चालतं’ हे काही पटलं नाही. रोज लिहायची वहीसुद्धा वापरणंच झालं ना?

जुनी_मिती

ताई, फाडण्याआधी वही कधीची ते तरी बघा. १२ आणे आहेत म्हणजे नवे पैसे येण्याच्या आसपासची किंवा आधीची. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. पण नुसत्या आण्यांवर जाऊ नका. जुनी नाणी पुढे काही वर्षं चालत होती आणि माणसांच्या तोंडातून तर आणे लवकर गेलेच नाहीत. शेवटच्या पानांवर ‘न. पै.’ दिसतं का? ‘नवे’ हा शब्द सरकारने १ जून १९६४ पासून काढला. दोन्ही सापडलं तर वही कुठून कुठवर चालली ते घरबसल्या कळेल. दुकानाच्या बिलावर पत्त्याखाली ‘मुंबई राज्य’ छापलं असेल तर ते बिल १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी छापलेलं. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं.

मासिकांबद्दल मी तिसऱ्या गेटच्या बाजूचा आहे. ‘स्त्री’ १९३० साली किर्लोस्करवाडीहून सुरू झालं, अंक हजारोंनी छापले गेले, वाचनालयांत फायली आहेत. (किर्लोस्करांची सुरुवात आपल्याच गावात सायकलच्या दुकानातून झाली, १८८८ साली. आता तिथून जाताना कुणाला आठवतही नाही.) कसरीने खाल्लेल्या अंकातली साबणाची नि पावडरीची जाहिरात खुशाल कापा. छापलेलं कापा, हातचं लिहिलेलं कापू नका. त्या वहीची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

बेळगावी_कुंदा

मराठीतली अशी कागदपत्रं म्हणजे सीमाप्रश्नातले पुरावे आहेत. फाडणं म्हणजे

सुईदोरा_शहापूर

कुंदा, थांब. बारा आण्यांच्या पोलक्यावर प्रश्न सुटणार असता तर मी स्वतः दिल्लीला घेऊन गेले असते. आणि आजोबांच्या हाताखालचा कारागीर कानडी होता. मधली वीसेक पानं त्याच्या हातची, सगळी कानडीत. मापं मात्र दोघांचीही इंचात. आता हा विषय नको.

निपाणीचा_धूर

मी वेगळ्याच कारणासाठी ताईंच्या बाजूने. हल्ली बघावं त्या जंक जर्नलमध्ये आयफेल टॉवर, कॉर्सेट घातलेल्या मडमा आणि चहात बुडवलेली पानं. ऑनलाइन ‘विंटेज किट’ मिळतं, छापून चिकटवायचं. १९४७ च्या फेब्रुवारीत दिओर या फॅशन डिझायनरने पॅरिसला घोळदार झगे काढले, चांगली गोष्ट आहे. त्याच्या चार वर्षं आधी, १९४३ ला, आपल्याकडे सुताकापडावर सरकारी नियंत्रण आलेलं होतं. आमची पणजी सांगायची, लुगडं विरलं की त्याचे परकर, परकर विरले की लंगोट. ते कुणाच्या किटमध्ये आहे? आमच्याकडे विड्यांच्या बंडलांवरची जुनी लेबलं पडलीत, देवी, वाघ, पैलवान, चार रंगांत छापलेली. पाठवतो. चिकटवा एखाद्या पानावर. फॅशन नाही, पण पोलकं शिवायला टाकणाऱ्या बाईचा नवरा तीच ओढत बसला असेल.

खानापूरची_लेक

एवढी चर्चा झाली आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही. त्या वहीत बायकांची नावं, गल्ल्या आणि छाती-कमरेची मापं आहेत. तुम्ही त्याचं रील करणार. त्यातल्या काही बाया अजून असतील, लेकीसुना तर नक्कीच याच गावात आहेत. टेलरकडे माप देताना आमची आई अजून आवाज खाली करते. शिंप्यावर विश्वास टाकून दिलेली गोष्ट आहे ही, तुमच्या आजोबांनी ती कुणाला दाखवली नसेल. फाडायची की नाही हा प्रश्न मागाहून. दाखवायची का, ते आधी ठरवा.

तिसरं_गेट

सत्तर वर्षांपूर्वीचं ३४-२८ वाचून कुणाचं काय बिघडणार? नावावर पट्टी चिकटवा, झालं.

खानापूरची_लेक

तुमच्या आज्जीचं इथे टाका मग. नावागल्लीसकट.

तिसरं_गेट

…बरं. हा मुद्दा सोडला. बाकीचे नाही सोडले.

सुईदोरा_शहापूर

लेकी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खरंच. मी पानांचा रंग बघत होते, टाचण्या बघत होते. नावं वाचलीच नाहीत. आज बसून वाचली. एक नाव आमच्या शाळेतल्या बाईंच्या आईचं आहे.

दाभण_आणि_पुठ्ठा

मी बाइंडिंगवाला. रजिस्टरं बांधत आयुष्य गेलं, त्यामुळे वाद तुमचा, बांधणी माझी.

वही फाडायची गरजच नाही. पानं ६०० डीपीआयवर स्कॅन करा, नावाच्या जागी कोरी पट्टी ठेवून. प्रिंट लेझरवर घ्या. इंकजेटवर घेतली तर गोंद लागला की शाई फुटते आणि सगळं पान निळं होतं. कागद जाडसर, पिवळट. चहात बुडवायची हौस असेल तर कोरी पानं बुडवा, जुना कागद कधीच नाही. आधीच तो आंबट झालेला असतो, त्यात चहा, वर ओलं. दोन वर्षांत पापडासारखा मोडेल.

शिवण जुजबंदी करा. चार-पाच कागद मधे दुमडले की एक जुज. दाभणाने मध्यावर पाच भोकं, मेण लावलेला दोरा. पण खिसे, लेस, बटणं यांनी पानं फुगतात आणि वही मिटत नाही, तोंड वासून बसते. म्हणून प्रत्येक जुजाच्या पाठीला दोन बोटं रुंदीची जाड कागदाची पट्टी दुमडून शिवा, म्हणजे पाठ आधीच जाड होते आणि फुगवट्याला जागा मिळते. आमच्याकडे पावत्या डकवायच्या फायली अशाच बांधतात.

मूळ वहीतल्या गंजक्या टाचण्या तेवढ्या काढा, ओढून नव्हे, खालून कागद धरून हळू फिरवत. तुकडा त्याच भोकांतून सुती दोऱ्याने एका टाक्यात अडकवून ठेवा.

तिसरं_गेट

म्हणजे शेवटी झेरॉक्सचं जर्नल! अहो, अशा वहीची मजा बोटांना लागते. जुन्या कागदाचा वास, टाचणीचं भोक. लेझर प्रिंटला कसला वास? शाळेच्या नोट्सचा. किटवाल्यांना हसलात, आणि तुम्हीही शेवटी छापून चिकटवणार.

दाभण_आणि_पुठ्ठा

हे मात्र खरं बोललात.

मागवाला_वडगाव

वास पाहिजे तर खण घ्या की. गुळेदगुड्डचा नवा खण आणा, कव्हराला तोच बरा. मुळात पोलक्याच्या मापाने विणलेला असतो, फार कापावं लागत नाही, कोरा वासही येतो. लुगड्याला हात लावायला नको.

सुईदोरा_शहापूर

लावला. काल रात्री कापलं. अंगाकडचा भाग घेतलाय, जिथे घडीवर चिरलं होतं तोच, पदर आणि जोड जसाच्या तसा मलमलीत गुंडाळून ठेवलाय. मागवाले दादा, रागवा हवं तर. पुठ्ठ्यावर ताणताना चीर वाढत होती, मग खालून मलमलच लावली. काठ बरोबर पाठीवर आलाय. मला आवडलं.

पोलक्यांपैकी एकाचीच बाही उसवली. आत फुग्याला आधार म्हणून आजोबांनी जाळीच्या कापडाची पट्टी घातलेली निघाली, चुण्या पाव-पाव इंचाच्या, मोजून बावीस. ती बाही परत लावून ठेवली. खिसे आता जुन्या उशीच्या अभ्र्यांचे करते.

‘न. पै.’ पहिल्या वहीत नाहीत, दुसरीत आहेत. पहिलीची पानं स्कॅन केली, नावं झाकून. दुसरी करायला घेतली तर आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “ती नको.” का विचारलं तर म्हणाली, तिच्या लग्नाच्या आधीच्या ब्लाउजांची मापं आहेत त्यात, बिनबाह्यांचे दोन, आज्जीला न सांगता आजोबांनी शिवून दिलेले. कुठल्या पानावर ते सांगितलं नाही. वही उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

निपाणीचा_धूर

मग लेबलं पाठवू ना?

सुईदोरा_शहापूर

पाठवा. पैलवानाचं नक्की पाठवा. बाइंडरकाका, एक राहिलंच. कापड पुठ्ठ्याला फेव्हिकॉलने लावू की खळीने?

दाभण_आणि_पुठ्ठा

खळीने. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर, पळीला चिकटेपर्यंत. कसर लागू नये म्हणून आम्ही मोरचूद घालतो, पण ते विष आहे, घरात पोरं असतील तर घालू नका आणि स्वयंपाकाचं पातेलं तर अजिबात घेऊ नका. बिनमोरचुदाची असेल तर वहीला अधूनमधून वारा द्या, सावलीत. लावल्यावर वजनाखाली एक रात्र. आणि कापडावर खळ थापू नका, पुठ्ठ्यावर लावा. लुगडं विरलेलं आहे, ओलं झालं की ओघळेल.